राहून गेलेल्या लसी : सोळाव्या महिन्यापासून बाविसाव्या महिन्यापर्यंत

आमच्या मुलीचा जन्म ११ मार्च २०२४ रोजी लातूर जिल्ह्यात, माझ्या माहेरच्या तालुक्यातील सरकारी रुग्णालयात झाला. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब प्रतिबंधक लस या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी उरकल्या. सहाव्या आणि दहाव्या आठवड्याच्या लसी मी माहेरीच असल्यामुळे गावच्या उपकेंद्रात वेळच्या वेळी मिळाल्या. त्यानंतर मात्र जुलै २०२५ पर्यंत तिला एकही लस मिळाली नाही. चौदाव्या आठवड्याचा आणि नवव्या महिन्याचा असे दोन्ही टप्पे राहून गेले. गेल्या महिन्यात, म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये, हे सगळे मार्गी लागले. मधल्या काळात मला नेमके काय विचारायचे हेच कळत नव्हते, आणि ज्याला विचारावे तो वेगळेच सांगत होता, म्हणून सगळा प्रवास तारखांसह लिहून काढते आहे.

लांबण्याचे कारण आमच्या घरापुरते असले तरी बऱ्याच घरांत असेच काहीसे घडत असावे. चौदावा आठवडा १७ जून २०२४ ला पूर्ण होत होता आणि त्याच्या दोन दिवस आधी मुलीला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. छातीत कफ दाटून ती लातूरच्या एका रुग्णालयात आठवडाभर दाखल होती. घरी आल्यावरही त्या पावसाळ्यात सर्दी, खोकला आणि वाफेचे यंत्र यांतून तिची सुटका झाली नाही. लसीकरणाच्या दिवशी घेऊन जावे तर ‘सर्दी आहे, पुढच्या वेळी या’ असे सांगून परत पाठवत. ऑक्टोबरमध्ये यजमानांची पुण्याला बदली झाली. नोव्हेंबरमध्ये, आठ महिन्यांची असताना, तिला जोराचा ताप आला आणि त्या तापात आकडी आली. ज्या दवाखान्यात तिला धावत नेले तिथल्या डॉक्टरांनी ‘वर्षभर काही टोचू नका’ असे सांगितले. मुलाचे डोळे फिरलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको की त्यानंतर असे वाक्य आईबाप किती घट्ट धरून ठेवतात. महिने सरत गेले, पण पुन्हा सुरुवात कुठून करायची हे कोणी सांगितले नव्हते. जून २०२५ मध्ये पाळणाघराच्या प्रवेशअर्जासोबत लसीकरणाच्या नोंदीची प्रत मागितली गेली आणि तो विषय पुन्हा समोर आला.

सल्ले भरपूर मिळाले. एका मैत्रिणीने सांगितले की इतका खंड पडला तर पहिल्या डोसापासून सगळे नव्याने घ्यावे लागते. शेजारच्या काकूंचे म्हणणे होते की आता मूल मोठे झाले, नुसते पोलिओचे थेंब पाजले तरी पुरे. सासूबाईंचा मुद्दा वेगळा होता. इतक्या सुया एका दिवशी टोचल्या तर पोरीला पुन्हा आकडी येईल, ही त्यांची खरी भीती होती आणि ती माझ्याही मनात होती.

शनिवार, २८ जून २०२५ रोजी आम्ही पुण्यातील एका बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. तपासणी फी सातशे रुपये होती. मी जाताना दोन गोष्टी लिहून नेल्या होत्या: तोपर्यंत कोणत्या लसी झाल्या, आणि आकडी आली तेव्हा ताप किती होता व ती किती वेळ टिकली. डॉक्टरबाईंनी ते दोन्ही कागद आधी वाचले आणि मग बोलायला सुरुवात केली. त्यांनी जे सांगितले ते मला आधी कुठेच सलग ऐकायला मिळाले नव्हते.

पहिली गोष्ट अशी की झालेला डोस वाया जात नाही. दोन डोसांत किमान किती अंतर हवे याला नियम आहे, बहुतेक लसींसाठी ते चार आठवडे असते, आणि त्याहून लवकर दिलेला डोस धरला जात नाही. पण अंतर जास्त पडले म्हणून आधीचे डोस रद्द होत नाहीत. जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. दुसरी गोष्ट वयाची. काही लसींना वरची वयोमर्यादा असते आणि सरकारी कार्यक्रमात ती ठरलेली आहे. बीसीजी एक वर्षापर्यंत देतात. पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारा एक जंतू) या पाच आजारांची एकत्रित लस, वर्षाच्या आत निदान एकदा दिली गेली असेल तर तिचे राहिलेले डोस वर्षानंतरही पूर्ण करतात. पहिला डोसच वर्षाच्या आत झाला नसेल तर तिच्याऐवजी घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची डीपीटी सुरू करतात आणि ती सात वर्षांपर्यंत देता येते. आमच्या मुलीचे पेंटाचे दोन डोस झालेले असल्याने आम्हाला फक्त तिसरा घ्यायचा होता. ज्यांचे मूल अजून दहा-अकरा महिन्यांचे आहे आणि पेंटाचा एकही डोस झालेला नाही, त्यांनी पहिल्या वाढदिवसाआधीचे दिवस हातचे जाऊ देऊ नयेत, असे मला इथे आवर्जून लिहावेसे वाटते.

आकडीबद्दल त्या स्पष्ट होत्या. साध्या तापात आलेली एखादी आकडी हे लस टाळण्याचे कारण नाही. किरकोळ सर्दी, हलका ताप, जुलाब किंवा अँटिबायोटिक चालू असणे हीदेखील कारणे नाहीत. आधीच्या डोसानंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा डांग्या खोकल्याची लस दिल्यानंतर सात दिवसांच्या आत मेंदूला गंभीर इजा झाली असेल, तर ती लस देत नाहीत. मूल खूप आजारी असेल तर बरे होईपर्यंत थांबतात. आमच्या मुलीला यांपैकी काहीच नव्हते. मागे आम्हाला सर्दीसाठी परत पाठवले गेले होते हे मी बोलून दाखवले. त्यावर त्यांनी कोणाला नावे ठेवली नाहीत. आपल्या कागदावर ‘सौम्य सर्दी असल्यास लसीकरणास हरकत नाही’ एवढे एक वाक्य लिहून सही-शिक्का केला. पुढे सप्टेंबरमध्ये त्या वाक्याचा फार उपयोग झाला.

मग पैशांचा विषय निघाला. त्यांच्याकडे सहा आजारांची एकत्रित, कमी ताप आणणारी लस होती आणि न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची, लसही होती; या भेटीतले सगळे मिळून खर्च दहा हजारांच्या आसपास जाईल असा अंदाज त्यांनी दिला. महापालिकेच्या दवाखान्यात हेच आजार टाळणाऱ्या लसी मोफत मिळतात. फरक इतका की सरकारी लसीत डांग्या खोकल्याचा जंतू मारून पूर्ण वापरलेला असतो, त्यामुळे ताप आणि मांडीची सूज थोडी जास्त येते. खासगीतील महागड्या लसीत त्या जंतूचे निवडक अंश असतात, म्हणून त्रास कमी होतो. संरक्षण सरकारी लसीनेही चांगले मिळते, किंबहुना डांग्या खोकल्याविरुद्ध ते जास्त काळ टिकते असे मानले जाते. यजमानांचा कल आकडीच्या भीतीने महाग लसीकडे होता. मी डॉक्टरांना सरळ विचारले की तुमची नात असती तर काय केले असते. त्या म्हणाल्या, ताप कधी येऊ शकतो हे माहीत असेल आणि घरात औषध तयार असेल तर सरकारी लस खुशाल घ्या. आम्ही सरकारी लस घ्यायचे ठरवले. ज्यांना खासगीत परवडते त्यांनी तिथे घ्यावी, त्यात कमी-जास्त काही नाही. पण पैसे जमेपर्यंत थांबणे हा पर्याय नव्हे.

निघताना त्यांनी एका कागदावर पुढच्या भेटींचा आराखडा काढून दिला. कोणत्या दिवशी काय, त्यापुढे किमान किती अंतर, आणि कोणत्या दोन लसी एकाच दिवशी चालतात. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांसारख्या इंजेक्शनने देण्याच्या जिवंत लसी एक तर एकाच दिवशी द्याव्यात, नाही तर त्यांत चार आठवड्यांचे अंतर ठेवावे, ही सूचना त्यांनी अधोरेखित केली. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही. ती नंतर बघू, आधी राहिलेले पूर्ण करू, असे ठरले. तोंडी सल्ला घेऊन बाहेर पडू नये, असा कागद मागून घ्यावा, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

खरी अडचण पुढे होती. लातूरहून सामान येताना ट्रकमध्ये पाणी शिरले होते आणि माता व बाल संरक्षण कार्ड भिजले होते. शाईच्या पेनाने लिहिलेल्या तारखा निळ्या डागांत मिसळल्या होत्या. बीसीजीची तारीख आणि रुग्णालयाचा शिक्का सोडला तर काही वाचता येत नव्हते. बुधवार, २ जुलै रोजी आम्ही घराजवळच्या एका महापालिका दवाखान्यात गेलो. नोंदणीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने कार्ड पाहिले आणि ‘नोंद नसेल तर काही करता येणार नाही, गावाकडून कागद आणा’ असे सांगून पुढच्या बाईला हाक मारली. वाद घालण्याइतके बळ त्या सकाळी माझ्यात नव्हते.

त्या संध्याकाळी मी माहेरच्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेला, फोन केला. त्यांनी विचारले, “ताई, तुमचा आरसीएच नंबर आहे का?” गरोदरपणात नोंदणी होते तेव्हा आईला हा क्रमांक मिळतो आणि बाळाची नोंद त्यालाच जोडलेली असते. तो माझ्या सोनोग्राफीच्या फाइलवर कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेला सापडला. आशाताई म्हणाल्या की उपकेंद्राच्या नोंदवहीत सगळे असते, शिवाय कार्डाचा एक भाग फाडून सिस्टर आपल्याकडे ठेवतात. फक्त सिस्टर उपकेंद्रात कोणत्या दिवशी भेटतील ते बघून कोणाला तरी पाठवा. माझा दादा ८ जुलैला गेला. सिस्टर शेजारच्या वस्तीवर लसीकरणाला गेल्या होत्या, त्यामुळे तो दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिला. मात्र आल्यावर त्यांनी पंधरा मिनिटांत नोंदवहीतले पान शोधले, एका कोऱ्या कागदावर सगळ्या डोसांच्या तारखा लिहिल्या, शिक्का मारला आणि सही केली. दादाने नोंदवहीच्या पानाचा आणि त्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मूळ कागद टपालाने यायला आठवडा लागला, पण त्याची वाट पाहावी लागली नाही.

कारण ९ जुलैला आम्ही परत गेलो तेव्हा टेबलाशी न थांबता थेट सार्वजनिक आरोग्य परिचारिकांना भेटलो. कार्ड नाही म्हणून मुलाला परत पाठवायचे नसते, विचारून आणि मिळेल त्या पुराव्यावरून पुढचे ठरवायचे असते, हे त्यांनीच सांगितले. कुठलाच पुरावा मिळत नसता तर लस झाली नाही असे धरून पुढे गेलो असतो, जास्तीच्या डोसाने बाळाला धोका नसतो, असेही त्या म्हणाल्या. त्यांनी फोटो नीट मोठा करून पाहिला, मुलीच्या डाव्या दंडावरची बीसीजीची खूण पाहिली आणि नवे कार्ड भरायला घेतले. जुन्या तारखांपुढे ‘उपकेंद्र नोंदवहीवरून’ असा शेरा मारला. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, माझ्या मोबाइल क्रमांकाने शोधले तर मुलीची नोंद अर्धवट होती. जन्माच्या वेळचे डोस तिथे दिसत होते आणि पुढचे नव्हते. ते पूर्ण करायला त्यांना वेळ लागला, मधे दोनदा यंत्रणा बंद पडली. तोपर्यंत दुपार झाली होती. सकाळी उघडलेली गोवर-रुबेलाची कुपी टाकून द्यायची वेळ झाली होती, त्यामुळे पुढच्या बुधवारी सकाळी दहाच्या आत या, असे त्यांनी सांगितले.

या कुपीचे गणित कळले की सत्राच्या दिवशीचा निम्मा वैताग कमी होतो. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लसी पूड स्वरूपात येतात, द्रावणात मिसळल्यानंतर चार तासांत वापरायच्या असतात आणि उरलेल्या फेकाव्या लागतात. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात. पेंटासारख्या काही द्रव लसींच्या उघडलेल्या कुप्या नियमात बसत असतील तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येतात. म्हणून गोवर-रुबेला घ्यायची असेल तर सत्राच्या सुरुवातीला पोहोचावे. उशिरा गेल्यास नवी कुपी उघडताना सिस्टर जरा विचार करतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही केला असता.

बुधवार, १६ जुलै. साडेनऊला पोहोचलो तरी पुढे बरीच बाळे होती. आमचा क्रमांक साडेअकराला लागला. बसायला एक बाक, त्यावर आज्या, आणि बाळांच्या रडण्याने दुसऱ्या बाळांना रडू येत होते. आमच्या पाळीला सिस्टरने निळ्या डब्यातून कुपी काढली आणि मला दाखवली. कुपीवर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत एक चौकोन. “आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे ना, म्हणजे लस चांगली आहे. दोन्ही सारखे झाले की फेकायची,” असे सांगत त्यांनी द्रावण मिसळले आणि लेबलवर पेनाने वेळ लिहिली, अकरा पस्तीस. असे कोणी मला आजवर दाखवले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते.

त्या दिवशी पोलिओचे दोन थेंब, जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची तोंडावाटे लस, डाव्या मांडीत पेंटाचा तिसरा डोस, उजव्या मांडीत न्यूमोकोकलचा दुसरा आणि उजव्या दंडात गोवर-रुबेलाचा पहिला, असे सगळे एकाच वेळी झाले. शेवटी ‘अ’ जीवनसत्त्वाचे औषध पाजले. रोटाबद्दल थोडा गोंधळ झाला. आमच्या बालरोगतज्ज्ञ ती लस आठ महिन्यांनंतर देत नाहीत. सरकारी नियम मात्र असा आहे की पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तर उरलेले पूर्ण करावेत. सिस्टरने नियमाप्रमाणे दिली आणि डॉक्टरांनीही नंतर हरकत घेतली नाही. इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा राहिलेला डोस तेवढा आम्ही पुढे खासगीत घेतला. त्याला साधारण सहाशे रुपये लागले.

तीन सुयांच्या वेळी मुलीला मी मांडीवर घट्ट धरले होते. पाय यजमानांनी धरले. सलग टोचल्यामुळे रडणे एकदाच झाले, आणि तीन वेगवेगळ्या बुधवारी तीनदा रडवण्यापेक्षा ते बरे, हे सासूबाईंनीही नंतर मान्य केले. टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच थांबायचे असते. बऱ्याच जणी लगेच निघून जातात. आमच्यासारख्या घाबरलेल्यांना तर तो अर्धा तास आधारच वाटतो. निघण्यापूर्वी सिस्टरने चार गोष्टी सांगितल्या: आज काय दिले, त्याने काय होऊ शकते, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड पुढच्या वेळी आठवणीने आणा.

ताप कधी येतो, हे मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडले. पेंटा किंवा डीपीटीचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गोवर-रुबेलाचा ताप, आलाच तर, सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास येतो आणि सोबत अंगावर थोडे पुरळही दिसू शकते. आकडीचा इतिहास असलेल्या मुलाच्या घरी हे दोन काळ दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत. आम्ही १६-१७ जुलै आणि २३ ते २८ जुलै अशा चौकटी केल्या. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेले पॅरासिटामॉल आणि भिंतीवर एक कागद एवढी तयारी होती. कागदावर लिहिले होते: आकडी आल्यास कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय. सासूबाईंनी कांदा हुंगवण्याचा उपाय सुचवला होता. डॉक्टरांनी तो आणि चप्पल, दोन्ही नको म्हणून सांगितले होते, म्हणून तेही खाली लिहिले.

त्या रात्री साडेनऊला ताप १०१ झाला. औषध दिले, अंगावरचे कपडे हलके केले. पॅरासिटामॉलने तापाची अस्वस्थता कमी होते, आकडी टळेलच असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले असल्यामुळे मी रात्रभर जागीच होते. सकाळी ताप उतरला. डाव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ आली होती. ती चोळायची नाही, शेकायची नाही. काही दिवसांत ती विरली. २५ जुलैला पुन्हा अंग कोमट झाले, ९९.८ पर्यंत, आणि पाठीवर पुरळ उठले. चौकट माहीत नसती तर मी त्या संध्याकाळी नक्कीच तातडीच्या विभागात पोहोचले असते. दोन दिवसांत सगळे गेले. आकडी आली नाही.

१३ ऑगस्टला, चार आठवडे पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला. नेहमीच्या वेळापत्रकात तो सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. मुलगी सतरा महिन्यांची होती, त्यामुळे तो वेळेतच पडला. उशीर झालेले मूल असे मधेच नेहमीच्या रांगेत येऊन मिळते, हे मला तोवर लक्षात आले नव्हते. गोवराबद्दल मी विशेष घाई केली कारण २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत, गोवंडीसारख्या वस्त्यांत, गोवराची साथ आली होती आणि त्यात लहान मुले दगावली होती. आमच्या गावाकडे अजूनही गोवर निघाला की देवाचे म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवतात. पाल्याला माझी हरकत नाही, पण गोवरात न्यूमोनिया होतो आणि आमची मुलगी आधीच छातीच्या दुखण्यातून गेलेली होती.

न्यूमोकोकलच्या दोन डोसांत आठ आठवड्यांचे अंतर लागते, म्हणून बूस्टरची तारीख १० सप्टेंबर आली. गणपती नुकतेच उठले होते आणि गर्दीतून आणलेली सर्दी मुलीच्या नाकातून वाहत होती. टेबलावर पुन्हा तेच वाक्य आले, सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात या. मी पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला. सिस्टरने तो वाचला, ताप मोजला, छातीची धाप बघितली आणि इंजेक्शन दिले. त्यांना वाईट वाटल्याचे दिसले नाही. बहुधा आईवडीलच नंतर भांडायला येतात म्हणून त्या सावध राहत असाव्यात.

त्यानंतर वाट पाहणे होते. पेंटाचा तिसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर यांत किमान सहा महिने जावे लागतात. म्हणजे १६ जानेवारी २०२६ च्या आधी काही करता येणार नव्हते. पाळणाघराने तोपर्यंत यू-विनवरचे प्रमाणपत्र आणि ‘लसीकरण सुरू आहे’ असे डॉक्टरांचे पत्र यावर प्रवेश दिला. संचालिकांनी पुढची तारीख तेवढी आपल्या वहीत टिपून घेतली. संक्रांत आली. सासूबाईंना नातीचे बोरन्हाण करायचे होते आणि सुजलेल्या मांडीने पोरगी पाटावर बसणार नाही असे त्यांचे म्हणणे पडले. ते खरेही होते. बोरन्हाण १८ तारखेच्या रविवारी झाले आणि २१ जानेवारीच्या बुधवारी आम्ही दवाखान्यात गेलो. डाव्या मांडीत डीपीटी, पोलिओचे बूस्टर थेंब आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुढचा डोस असे तीन झाले. या वेळी ताप १००.४ च्या वर गेला नाही.

दवाखान्यातल्या एकाही लसीला पैसे पडले नाहीत. तपासणी फी, इंजेक्शनची पोलिओ लस, रिक्षा, थर्मामीटर आणि औषधे मिळून सहा महिन्यांत तीन हजारांच्या आत खर्च आला. रजा मात्र गेल्या, कारण सत्र बुधवारीच असते. तुमच्या भागातील वार वेगळा असू शकतो. तो आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारावा, कारण दवाखान्याच्या फळ्यावर कधी कधी जुनाच वार लिहिलेला असतो.

आता पुढची लस थेट पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान, डीपीटीचा दुसरा बूस्टर. दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्व आहे. कांजिण्यांची लस डॉक्टरांकडे मार्चमध्ये ठरली आहे. यू-विनचे प्रमाणपत्र आम्ही दोघांच्या फोनमध्ये आणि दादाच्याही फोनमध्ये ठेवले आहे. नव्या कार्डाला मी प्लास्टिकची पिशवी घातली. लॅमिनेट करून आणते म्हटल्यावर सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, “अहो ताई, मग मी पुढच्या तारखा कशावर लिहू?” तुम्हीही कार्ड लॅमिनेट करू नका, बॉलपेनने लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.